शॉर्ट फिल्मसाठी पोस्टकार्डं छापायची का? पहिलाच फेस्टिव्हल आहे, मदत करा

निफाडची_पोर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमची एक शॉर्ट फिल्म तयार झालीय, १४ मिनिटांची, नाव 'गोडी छाटणी'. बागाईतल्या लोकांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी, द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि माल येतो तो या दुसरीवर. तर छाटणीच्या टोळीत आयुष्य घातलेल्या एका म्हातारीचा शेवटचा सीझन, एवढीच गोष्ट आहे. शूटिंग सगळं निफाड आणि पिंपळगाव बसवंतच्या मधल्या बागांमध्ये, आणि मेन रोल माझ्या आजीने केलाय. खरी आजी. ॲक्शन म्हटलं की कामाला लागायची आणि कट म्हटलं तरी थांबायची नाही, म्हणे एवढी ओळ उरकून घेते.

असो. फिल्म मुंबईतल्या एका फेस्टिव्हलला सिलेक्ट झालीय!! दोन शो आहेत, एक सकाळी साडेदहाचा आणि एक दोन दिवसांनी संध्याकाळी, दोन्ही वेळा सहा फिल्म एकापाठोपाठ दाखवणारेत आणि आमची चौथी. त्यांच्या मेलमध्ये लिहिलंय की प्रमोशनल मटेरियल आणायचं असेल तर पोस्टर आणि पोस्टकार्डं आणू शकता. पोस्टर समजलं. पोस्टकार्ड म्हणजे काय ते गूगल करून थोडंफार कळलं पण त्याने नक्की होतं काय ते कळलं नाही. आमचा कॅमेरामन म्हणतो हजार छापू, एडिटर म्हणतो एकही नको, आणि पैसे कोणाकडेच नाहीत कारण सगळे डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल कॉपी) आणि सबटायटलमध्ये गेले.

तर विचारायचं असं की कार्डावर पुढे काय टाकतात, मागे काय लिहितात, किती छापायची, नाशकात कुठे बरं काम होईल, आणि मुख्य म्हणजे ती द्यायची कशी? मला अनोळखी माणसाच्या हातात कागद द्यायचा म्हटलं तर घाम फुटतो. सीबीएस बसस्टँडला क्लासची पॅम्प्लेट वाटणाऱ्या मुलांकडून मी स्वतः कधी घेत नाही.

---

रीळबाबा

पहिल्यांदा अभिनंदन ताई, आणि आजींना आमचा नमस्कार सांग. मी तीन शॉर्ट फिल्म घेऊन पाचसहा फेस्टिव्हल हिंडलोय, बक्षीस एकही नाही पण कार्डं मात्र पोत्याने वाटलीत, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे माझा.

आधी हे समजून घे की कार्ड का लागतं. मोठ्या पिक्चरला हिरो असतो, पेपरात जाहिरात असते, रिक्षाच्या मागे पोस्टर असतं. शॉर्ट फिल्मचं तसं काहीच नसतं, लोक तुझी फिल्म बघायला येतच नाहीत, ते 'पॅकेज' बघायला येतात, दीड तासात सहा फिल्म. आणि दीड तासाने बाहेर चहाच्या टपरीवर काय बोलतात माहितीये? ती म्हातारीवाली चांगली होती ना रे. कुठली म्हातारीवाली? ती रे, तिसरी का चौथी. नाव कोणालाच आठवत नाही, दिग्दर्शक तर सोडूनच दे. आता त्या क्षणी त्याच्या खिशात तुझं कार्ड असेल तर तो ते काढून बघतो, गोडी छाटणी, अच्छा, नाशिकची पोरगी आहे. बस, कार्डाचं काम झालं.

म्हणजे सगळे समजतात तसं कार्ड हे फक्त लोकांना शोला ओढून आणायला नसतं. त्याने थोडे येतात, खोटं नाही बोलणार, पण जास्त उपयोग फिल्म बघून झाल्यावर आहे. म्हणून माझा नियम असा की अर्धी कार्डं शोच्या आधी आणि अर्धी शो सुटताना दारात. दारात उभं राहून द्यायला लाजही वाटत नाही कारण त्या माणसाने दोन मिनिटांपूर्वी तुझं काम बघितलेलं असतं, उलट तोच थांबून बोलतो. क्लासचं पॅम्प्लेट आणि हे यात तोच फरक आहे.

मागच्या बाजूला काय लिहायचं तर नाव (मराठी आणि इंग्रजी दोन्ही), किती मिनिटांची, कुठल्या साली झाली, भाषा मराठी सबटायटल इंग्रजी, दिग्दर्शक, एक ओळीत गोष्ट, ईमेल, आणि ट्रेलरचा क्यूआर. ट्रेलरचा म्हणतोय, फिल्मचा नाही! पूर्ण फिल्म ऑनलाइन उघडी पडली की बरेच फेस्टिव्हल प्रीमियरचा, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली नको, हा मुद्दा काढतात, आणि पासवर्डवाली लिंक छापायची तर नाहीच नाही, ती फक्त मेलवर मागेल त्याला. क्यूआर करताना ते फुकटवाले 'डायनॅमिक' कोड घेऊ नको, काहींची मुदत संपते आणि मग स्कॅन केलं की पैसे भरा असं पान उघडतं. साधा स्टॅटिक कोड घे, तो थेट लिंकच असतो, त्याला मुदत नसते.

आणि शोची तारीख वेळ कार्डावर छापू नको. हे मी रडून शिकलोय. माझ्या दुसऱ्या फिल्मच्या वेळी ४०० कार्डांवर झोकात तारीख, स्क्रीन नंबर सगळं छापलं आणि जायच्या चार दिवस आधी त्यांनी स्लॉट बदलला, मग लॉजवर रात्री दोन वाजेपर्यंत बसून आम्ही तिघांनी पेनाने खाडाखोड केली, आणि पाठीमागे पण चकचकीत लॅमिनेशन, पेन चालेना, शाई पुसून सगळ्यांची बोटं निळी. दुसऱ्या दिवशी लोक कार्ड घेऊन विचारत होते की हे आधीच कोणी वापरलेलं आहे का. तर तारखेसाठी रिकामी जागा ठेव आणि वर स्टिकर लाव. पुढच्या फेस्टिव्हलला तीच कार्डं, नवा स्टिकर.

बाकी फोटो कुठला, छपाई कशी ते इथले काका सांगतील, त्यांना टॅग करतो.

---

खडूस_पंचवटी

पैसे पाण्यात. शो सुटल्यावर कधी खुर्च्यांखाली बघितलंय का? अर्धी कार्डं तिथेच पडलेली असतात, बुटांचे ठसे घेऊन. आज कोण कागद जपतं? इन्स्टावर रील टाका, व्हॉट्सॲपवर फिरवा. त्या पैशात सबटायटल एकदा चांगल्या माणसाकडून तपासून घ्या, मराठी फिल्मची निम्मी सबटायटल अशी असतात की मूळ मराठी कळणाऱ्यालासुद्धा इंग्रजी वाचून शंका येते.

---

निफाडची_पोर

@खडूस_पंचवटी सबटायटल तपासून घेतलीत हो, कॉलेजच्या मॅडमनी बघितलीत. पण 'टोळी'चं 'गँग' झालंय, त्याने आजी डाकू वाटते असं भाऊ म्हणतो.

@रीळबाबा खूप खूप थँक्यू, दारात उभं राहायचं डोक्यातच नव्हतं आलं.

---

प्रेसवाले_काका

टॅग केलं म्हणून आलो. पोरी, मी अशोकस्तंभाजवळ ३० वर्षं प्रेसमध्ये काढली, लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं सगळं छापलं, फिल्मची कार्डं पण छापलीत दोनचार पोरांची. कुठल्या दुकानात जा ते नाही सांगत, माझंच दुकान आहे म्हणून लोक मागे लागतील. काय सांगून छापून घ्यायचं ते सांगतो.

हजार छापू नको. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात, मशीन सेट करायला कागद वाया जातो, म्हणून तिथे ५०० आणि हजारच्या बिलात फार फरक पडत नाही आणि माणूस मोहात पडतो. तुला दोन शो आहेत, तुझं काम डिजिटलवर होईल. डिजिटलला १३ बाय १९ इंचाची शीट असते, तिच्यावर चार बाय सहाची कार्डं ब्लीड धरून आठ बसतात. आठच, नऊ बसवतो म्हणणारा कडा कापणार. तेव्हा दुकानात कार्डाचा भाव विचारू नको, शीटचा भाव विचार, दोन्ही बाजू छापून, कटिंग धरून, आणि आठने भाग. ३० शीट म्हणजे २४० कार्डं. तुला पुरेत.

ब्लीड म्हणजे काय ते माहीत नसेल तर, कापायच्या रेषेच्या बाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर फोटो जास्त ठेवायचा, नाहीतर कटिंगला केसभर हललं की पांढरी कड दिसते. आणि नाव, क्यूआर वगैरे कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड. पण एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने साधा असलेला बोर्ड माग, पेन चालतं. लॅमिनेशन नको, विशेषतः एकाच बाजूचं तर नकोच, हवा जरा दमट झाली की कार्ड पापडासारखं वळतं, आणि मुंबईला चाललीस तू.

आता फोटो. तुम्ही लोक फिल्ममधून फ्रेम काढून आणता. फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० असते, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ती भरते ६.४ बाय ३.६ इंच. म्हणजे लांबीला पुरते आणि उंचीला चार इंचालाही कमी पडते, मग पोरं ओढून मोठी करतात. थोडी ओढलेली खपते. पण फ्रेम हललेली असेल, म्हणजे हात चालू असताना घेतलेली, तर पडद्यावर छान वाटते आणि कागदावर नुसती धूसर. फोरके शूट असेल तर प्रश्नच नाही. सेटवर कोणी साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले असतील तर ते आधी बघ. आणि रात्रीचे, अंधारे सीन टाळ. मोबाईल आतून उजेड मारतो म्हणून अंधारातलं दिसतं, कागद उजेड मारत नाही. द्राक्षाचा पोपटी रंग पण सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, बसतो मळकट, म्हणून एक शीट आधी काढून उन्हात नेऊन बघ, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको.

सगळ्यात महत्त्वाचं आता. मराठी अक्षरं. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या कोरल सॉफ्टवेअरवर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं आणि तुम्ही मोबाईलवर टाइप केलेलं युनिकोड आणून देता, ते तिथे पेस्ट केलं की वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात. छापून झाल्यावर कळतं. माझी एक परीक्षा आहे, 'दिग्दर्शन' हा शब्द बघायचा. त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, जोडाक्षर आहे आणि रफार आहे. तो नीट आला तर बाकीचं बहुतेक नीट असतं. शक्यतो घरूनच अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ घेऊन जा, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच येत नाही.

---

निफाडची_पोर

काका!!! हे सोन्यासारखं आहे. आत्ताच आमच्या पोस्टरच्या फाइलमध्ये बघितलं, खरंच 'दिग्दर्शन'चा रफार 'श'वरून घसरून 'न'वर बसलाय आणि तीन महिने आमच्या चौघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता फोटोवरून भांडण चालू आहे. तीन पर्याय आहेत. एक आजीचा चेहरा, क्लोजअप, संध्याकाळच्या उन्हात, सगळ्यांना तोच आवडतो. दोन, पूर्ण बाग, छाटलेली, पानं नसलेली, नुसते खुंट आणि तारा, मधे लांब ती एकटी. तीन, नुसता तिचा हात आणि सिकेटर (छाटणीची कात्री), काडी कापायच्या आधीचा. तुम्ही सांगा कुठला.

आणि इंग्रजी नाव. गोडी छाटणीचं शब्दाला शब्द केलं तर 'स्वीट प्रूनिंग' होतं, ते मिठाईचं दुकान वाटतं. सध्या 'ऑक्टोबर कट' ठेवलंय.

---

सावानातली_उंदरी

मी फिल्मवाली नाही पण दोन वर्षं एका फेस्टिव्हलला व्हॉलंटियर होते, डेलिगेट डेस्कवर, म्हणजे तुमची ती कार्डं ठेवायचं टेबल माझ्या शेजारीच असायचं. तर दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

सकाळी टेबल रिकामं असतं. अकरापर्यंत त्यावर वीसतीस फिल्मचे गठ्ठे जमतात, एकमेकांवर चढलेले. लोक येतात, पास गळ्यात अडकवतात, आणि शेड्यूल मिळेपर्यंत उभे असतात तेव्हा हात आपोआप टेबलाकडे जातो. बघतात किती वेळ, दोन सेकंद फार झाले. आणि काय बघतात तर चेहरे, चेहरे आणि चेहरे. खिडकीतून बाहेर बघणारी मुलगी, समुद्राकडे बघणारा मुलगा, विचारात पडलेले आजोबा. सगळे सुंदर आणि सगळे सारखे. त्यात ज्या कार्डावर काहीतरी अर्धवट घडतंय, म्हणजे पुढे काय होणार असं वाटायला लावणारं, ते उचललं जातं आणि उलटलं जातं. कार्ड उलटलं की तुम्ही जिंकलात, कारण माहिती सगळी मागे आहे. माझं मत तीन नंबर, हात. आजीचा चेहरा लोक फिल्ममध्ये बघतीलच की.

बागेचा वाइड शॉट अजिबात नको, चार बाय सहावर आजी मुंगीएवढी दिसेल.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. रात्री झाडलोट करणारे लोक टेबल साफ करतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं की हे ठेवायचं आहे, त्यामुळे सगळा गठ्ठा एकदम ठेवलात तर सकाळी तो कचऱ्यात गेलेला असतो. रोज थोडी थोडी ठेवा, वीसच्या वर नको. भिंतीला काही चिकटवायच्या आधी विचारा, थिएटरवाले चिडतात, रंग निघतो. आणि व्हॉलंटियरांना एकेक कार्ड द्या हो! कोणीच देत नाही. दिवसभर शंभर लोक आम्हाला विचारतात की बघण्यासारखं काय आहे, आणि आम्ही तेच सांगतो ज्याचं कार्ड आमच्या समोर पडलेलं असतं.

सिलेक्शनची ती पानांची महिरप असते ना, लॉरेल, ती फेस्टिव्हलने पाठवलेलीच फाइल वापरा, आणि एकदोनच लावा. काही कार्डांवर चौदापंधरा महिरपी असतात, फोटो राहतो बाजूला आणि कार्ड दिसतं काकडआरतीच्या पत्रिकेसारखं.

---

खडूस_पंचवटी

म्हणजे वीस ठेवायची, रात्री ती कचऱ्यात, सकाळी परत वीस. मी वेगळं काय म्हणत होतो.

---

रीळबाबा

@खडूस_पंचवटी तुम्ही म्हणता ते खुर्चीखालच्या कार्डांचं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती कुठली कार्डं असतात? जी अंधार व्हायच्या आधी रांगेत बळेच हातात कोंबलेली असतात. माणसाच्या एका हातात पॉपकॉर्न आणि दुसऱ्या हातात मोबाईल, तो कार्ड ठेवणार कुठे. आणि रील टाकाच म्हणतो मी, पण रील बघणारा तुमच्या ओळखीचाच असतो हो. फेस्टिव्हलला समोर उभा असलेला माणूस दुसऱ्या फेस्टिव्हलचा प्रोग्रॅमर, म्हणजे फिल्म निवडणारा, असू शकतो आणि तो तुम्हाला इन्स्टावर फॉलो करत नाही.

फ्रान्समध्ये क्लेरमॉ-फेराँ म्हणून गाव आहे, मिशेलिन टायरवाल्यांचं, तिथे दरवर्षी थंडी सरायच्या सुमाराला शॉर्ट फिल्मचा जगातला सगळ्यात मोठा फेस्टिव्हल भरतो, १९८२ पासून, आणि १९८६ पासून त्याला जोडून शॉर्ट फिल्मचा बाजार. बाजार म्हणजे शब्दशः, देशोदेशीचे स्टॉल, चॅनेलवाले विकत घ्यायला येतात. माझी एक मैत्रीण गेली होती, ती सांगत होती की तिथे लोक कार्डं गोळा करतात, आपण लहानपणी काडेपेट्यांचे छाप जमवायचो तसे, आणि मीटिंगमध्ये कार्ड टेबलावर ठेवूनच बोलणं सुरू होतं. दिवसाला पन्नास लोक भेटणाऱ्या माणसाला रात्री हॉटेलवर परत गेल्यावर तुमची आठवण कशावरून येणार? पिशवीतून जे निघेल त्यावरून.

एवढं लांब नको असेल तर तिरुअनंतपुरमला जाऊन बघा, तिथे २००८ पासून डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा फेस्टिव्हल आहे, कैराली, श्री, निळा ही तिन्ही थिएटरं एकाच आवारात, त्यामुळे सगळी गर्दी दिवसभर तिथेच अंगणात. मल्याळी प्रेक्षक कार्ड घेतो, समोरच वाचतो आणि लगेच प्रश्न विचारतो. मला एका रिटायर्ड मास्तरांनी कार्डावरची इंग्रजी ओळ दुरुस्त करून दिली होती, पेनाने, आणि शोलाही आले.

ताई, तीन नंबरला माझंही मत. आणि 'ऑक्टोबर कट' झकास आहे, बदलू नको. फक्त मराठी नाव मोठं ठेव, इंग्रजी खाली बारीक. देवनागरी अक्षर गर्दीत उठून दिसतं, ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा थांबतो.

---

जुना_नाशिककर

विषय भरकटवतो, माफ करा, पण राहवत नाही. कार्ड का छापायचं असं नाशिकच्या पोरीने विचारावं? अगं, आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमात यायच्या आधी छपाईवालेच होते. लोणावळ्याला रविवर्म्याच्या प्रेसच्या कामात होते, मग स्वतःचा छापखाना काढला, छपाई शिकायला यंत्रं आणायला जर्मनीला गेले. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आल्यावर त्यांनी जाहिरात काय केली होती, तर ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. तेव्हा लोकांना रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांची सवय, दीडेक तासाच्या खेळाला तीन आणे का द्यायचे असं त्यांना वाटणार, म्हणून फाळक्यांनी लांबी मैलात मोजून दाखवली! शॉर्ट फिल्मवाल्यांचं दुखणं तेच नाही का, की एवढ्याशा वेळाचं काय बघायचं. पुढे १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी त्यांनी नाशकातच उभी केली.

आमच्या लहानपणी टांग्याला दोन्ही बाजूंनी पोस्टर बांधून, कर्णा लावून, पिक्चरची जाहिरात मेन रोडवरून फिरायची आणि मागून माणूस रंगीत पत्रकं उधळायचा. आम्ही पोरं टांग्यामागे धावायचो ते पिक्चर बघायला मिळेल म्हणून नव्हे, पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायला. थेटरात पिक्चरच्या गाण्यांची चोपडी विकत मिळायची, गोष्ट अर्धी सांगून 'पुढील भाग रुपेरी पडद्यावर पाहा' असं लिहिलेलं. आमच्या आईकडे ट्रंकेत होत्या पंधरावीस. पिक्चर कुठल्या थेटरात बघितला, सर्कलला की विजयानंदला, ते ती विसरली पण चोपडी कुठली कोणी घेऊन दिली ते तिला शेवटपर्यंत माहीत होतं.

एक ओळीत गोष्ट लिहिशील तेव्हा त्या चोपडीवाल्यांसारखी लिही, अर्धी. 'एका वृद्ध महिलेच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कथा' असलं काही लिहिलंस तर मी स्वतः मुंबईला येऊन कार्डं परत घेईन.

---

निफाडची_पोर

😅 आजोबा, अगदी हेच लिहिलं होतं. 'हृदयस्पर्शी' सकट. खोडलं. आता असं आहे: 'या वर्षी ती शेवटची ओळ कापणार नाही म्हणते.' चालेल?

---

जुना_नाशिककर

पळेल.

---

निफाडची_पोर

मंडळी, फेस्टिव्हल होऊन आठवडा झाला, आल्या आल्या लिहायचं होतं पण बागेत डिपिंग (घड औषधात बुडवायचं काम) चालू आहे, घरी कोणाला श्वास घ्यायला वेळ नाही.

काकांच्या हिशोबाने ३० शीट, २४० कार्डं. लेबलचा ए-फोर कागद आणला, एका कागदावर २४ लेबलं, दहा कागदांत बरोबर २४० झाली, त्यावर घरच्या प्रिंटरवर दोन्ही शोच्या वेळा काढल्या. पंचवटी एक्सप्रेसमध्ये नाशिकरोडपासून कसाऱ्यापर्यंत मी आणि भाऊ स्टिकर लावत होतो, शेजारच्या काकूंनी पण तीसचाळीस लावून दिले, आणि त्यांना वाटलं माझं लग्न आहे.

पहिल्या दिवशी टेबलावर वीस ठेवली. उंदरीताई, व्हॉलंटियर लोकांना एकेक दिलं, त्यातल्या एका मुलीने ते आपल्या पासच्या प्लॅस्टिकमध्येच घातलं, तीन दिवस ती आजीचा हात गळ्यात घालून फिरत होती. सकाळच्या शोला हॉल अर्धाही नव्हता, साडेदहा वाजता मुंबईत कोण येतं, पण सुटताना दारात उभी राहिले. पहिल्या दोघांना देताना आवाज फुटला नाही, नुसतंच पुढे केलं. तिसऱ्या बाई म्हणाल्या, ही तुझी कोण? म्हटलं आजी. मग त्या तिथेच थांबल्या आणि दार अडलं.

आता खरी गंमत. दुसऱ्या शोच्या आधी एक माणूस कार्ड हातात घेऊन मला शोधत आला, जरा रागातच. म्हणाला हे तुमचं का? म्हटलं हो. म्हणाला, मी तासगावचा, आमची पण द्राक्षबाग आहे, सिकेटर असं कोण धरतं? काडी अशी कापत नाहीत, फोटोसाठी कोणाच्या तरी हातात दिलेलं दिसतंय. मी म्हटलं दादा, चाळीस वर्षं छाटणी केलीय तिने, ती डावखुरी आहे. तो कार्डाकडे बघत राहिला, कार्ड उलटं करून, आरशात बघितल्यासारखं धरून बघितलं, आणि म्हणाला तरीच. तो शोला आला, सोबत आणखी दोघांना घेऊन, आणि सुटल्यावर म्हणाला की फिल्ममध्ये तिसऱ्या मिनिटाला जी काडी ठेवलीय त्यावर एक डोळा (काडीवरचा कोंब) जास्त सोडलाय. घरी येऊन आजीला सांगितलं तर म्हणते बरोबर आहे त्याचं, तुझा तो लाइटवाला मधे उभा होता.

@खडूस_पंचवटी खुर्च्यांखाली बघितलं मी मुद्दाम. पाच सापडली. दोनांवर बुटाचे ठसे होते. पुसून परत घेतली.

बक्षीस वगैरे नाही मिळालं. एका बाईंनी कार्डावरच्या ईमेलवर मेल करून फिल्मची लिंक मागितलीय, त्या शाळांमध्ये फिल्म दाखवतात, बघू काय होतं.

एकूण अकरा कार्डं उरलीत आणि ती आजीने ताब्यात घेतलीत. तिला ती चांदवडच्या बहिणीला, दिंडोरीच्या व्याह्यांना आणि टोळीतल्या जुन्या बायकांना पोस्टाने पाठवायचीत. मी म्हटलं व्हॉट्सॲप करते ना सगळ्यांना, तर म्हणे पोस्टकार्ड आहे ना ते, मग पोस्टाने जाऊ दे. स्टिकरवर तिने स्वतःच कोरा कागद चिकटवून पत्ता लिहायला घेतलाय. काका, याला ५० पैशांचं तिकीट चालेल का?

---

प्रेसवाले_काका

नाही चालणार. ५० पैसे साध्या पोस्टकार्डाला. तुझ्या कार्डावर मजकूर छापलेला आहे, छापील पोस्टकार्डाचा दर ६ रुपये. अकरा कार्डांचे ६६ झाले. तिकिटं पोस्टातूनच घे, छापलेली बहुतेक आपल्या नाशिकरोडच्या प्रेसचीच असतील. आणि आजींना सांग बॉलपेनने लिहायला, जेल पेन नको, बोर्ड साधा असला तरी जेल वाळायला वेळ घेते आणि पोस्टाच्या शिक्क्याखाली पसरते.